करेंदा-पिपरौल मुक्त व्यापार आणि आल्याचं लोणचं

दोन राज्यांमध्ये कसलाही करार नसला की त्यांच्या प्रजेला एकमेकांकडे जाण्यायेण्यात फारशी अडचण पडत नाही. राज्यकारभाराच्या दृष्टीने ही स्थिती अत्यंत धोक्याची होय. अडचण नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे कचेरी नाही, आणि कचेरी नसेल तर राज्य नेमकं कुठे आहे हे परक्या माणसाला दाखवायचं कसं? करेंदा आणि पिपरौल ही दोन संस्थानं अशा धोक्याच्या स्थितीत चांगली तीन पिढ्या राहिली आणि तरी टिकली, हे त्यांच्या पूर्वजांचं पुण्य.

ही संस्थानं झाशीहून बैलगाडीने पहाटे निघालं तर दिवेलागणीला पोचता येईल एवढ्या अंतरावर होती. (नकाशात शोधू नयेत. नकाशा काढणाऱ्या साहेबाचा घोडा त्याच सुमाराला लंगडत होता, असं सांगतात.) पेशवाईत दक्षिणेतून आलेल्या एका सरदाराला दोन मुलगे झाले, त्या मुलग्यांचं एका आंब्याच्या झाडावरून वाजलं, आणि मधल्या बिछिया नाल्याला सरहद्दीचा दर्जा मिळाला. आंब्याचं झाड पुढे वाळलं. करेंद्याकडे नऊ गावं, पिपरौलाकडे साडेआठ. (नवव्या गावाचा उरलेला अर्धा भाग पावसाळ्यात नाला सरकला की करेंद्यात येतो, आणि पाणी ओसरलं की परत जातो.) करेंद्याकडे दोन तोफा, पिपरौलाकडे एक तोफ आणि एक बँडमास्टर. दोन्हीकडे दिवाणाच्या घरात मराठी, बाजारात बुंदेली, आणि कचेरीत अशी एक भाषा चाले, जी दोन्हीकडच्या लोकांना सारखीच कळत नसे.

मी स्वतः यांच्यापैकी कुठलाच नव्हे. मी भुसावळचा. वडील रेल्वेत, मीही रेल्वेत, आणि झाशी जंक्शनला चार दिशांनी गाड्या यायला लागल्यावर माझी नेमणूक तिथल्या मालधक्क्यावर कारकून म्हणून झाली. कापूस कुठल्या वर्गात, तूप कुठल्या, जिवंत घोड्याला काय दर आणि मेलेल्याला काय, हे मला तोंडपाठ होतं. त्यामुळे जिन्नसांचे वर्ग पाडणारा माणूस हवा असं दोन्ही दरबारांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांच्या परिषदेचं चिटणीसपण माझ्याकडे आलं. पगार ठरला नाही. मान ठरला.

पण परिषद कशामुळे भरली हे आधी सांगायला हवं, कारण दोन्ही दरबारांच्या कागदांत ते कुठेही लिहिलेलं नाही. ती भरली आल्यामुळे.

करेंद्यात रुक्मिणीबाई नावाची एक विधवा राहत असे. तिचा नवरा संस्थानच्या तोफखान्यात होता. (तो हिवतापाने गेला. तोफेने आजवर कुणाला इजा केलेली नाही.) पाठीमागे म्हातारी सासू, दोन खोल्या, आणि एक कला: आल्याचं लोणचं. दर हिवाळ्याला बाई बरण्या भरभरून झाशीला घेऊन येई, आणि आमच्या रेल्वे कॉलनीतल्या मराठी घरांत ते लोणचं वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं जाई. खानदेश-साताऱ्याकडची आम्ही माणसं. इथल्या मोहरीच्या तेलाला नाक मुरडणारी. पण त्या लोणच्यापुढे आमचं नाक आपोआप सरळ होत असे. पहिला घास खाल्ला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते तिखटामुळे की माहेरच्या आठवणीने, असा बायकांत वाद होई.

करेंद्यात मात्र आलं पिकत नाही. ते पिकायचं पिपरौलात, नाल्याकाठी, चंपाच्या वाडीत. चंपा जातीने काछी, म्हणजे तिकडची भाजीपाला पिकवणारी. ती आलं खणायची, नाल्यावर धुवायची, टोपली डोक्यावर घेऊन पलीकडे यायची, आणि रुक्मिणीबाईच्या मागच्या पडवीत बसून सोलून चिरायचीसुद्धा. बाईंना जवळचं नीट दिसत नसे. चंपाच्या हातचे काप कागदासारखे पातळ पडत. मग मसाला आणि मुरवणं बाईंचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. दोघींनी नफा कसा वाटून घ्यायचा हे ठरवलं होतं, आणि त्यासाठी त्यांना परिषद लागली नव्हती.

अडचण एवढीच, की नाल्यावर करेंद्याचं नाकं होतं आणि नाक्यावर मुठीची जकात होती. जो जिन्नस येईल त्यातली एक मूठ सरकारची. पूर्वीचा हवालदार दत्तात्रेय हा लहानखुरा माणूस, त्याच्या मुठीत आल्याचे दोन गड्डे मावत. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी जयसिंग आला. हाही जुन्या मराठी शिपाईगिरीच्या घराण्यातला, त्याला मराठी समजायचं पण बोलायचा हिंदीत. अंगाने धिप्पाड. त्याने पंजा टोपलीत घातला की टोपली हलकी होई. अशा रीतीने कुठलाही कायदा न बदलता, फक्त हवालदार बदलून, करेंद्याची जकात तिपटीने वाढली. अर्थशास्त्र्यांनी या पद्धतीचा अभ्यास करावा अशी माझी नम्र सूचना आहे.

"हवालदारजी, मूठ आहे का सूप?" एकदा बाई स्वतः नाक्यावर येऊन म्हणाल्या. "जरा हात आखडता घ्या ना."

"बाईसाहेब, हाथ तो भगवान ने दिया है. इसको छोटा कैसे करूँ?"

"सो पाँव सें ले लो, भैया," चंपा त्याच्या भल्यामोठ्या पायांकडे बघत म्हणाली, "भगवान नें बेई कौन छोटे बनाए."

शेवटी रुक्मिणीबाई दिवाण केशवराव यांच्याकडे गेल्या. त्यांची मागणी एका ओळीची होती: नाक्यावर दत्तात्रेयाच्या मापाचा हवालदार नेमावा. चौथाई टोपली अशीच गेली तर बरण्या भरणार नाहीत, बरण्या नाहीत तर दाणे नाहीत, आणि दाणे नाहीत तर म्हाताऱ्या सासूचा हात धरून गुरसरायला भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागेल. भाऊ वाईट नव्हता. भावजय होती. भावजयीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या, आणि सासूने कोपऱ्यात बसून त्या मोजून मागायच्या, हे बाईंना नको होतं.

केशवरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते सज्जन होते, आणि काही करायचं तर भव्य करावं, असं मानणारे होते.

"रुक्मिणीबाई," ते म्हणाले, "हवालदार बदलणं ही क्षुल्लक बाब झाली. क्षुल्लक बाबीत दिवाणाने हात घालू नये. आपण जकातच काढून टाकू. दोन्ही राज्यांत मुक्त व्यापाराचा तह करू!"

बाई म्हणाल्या, "केवढं मोठं हे! पण हवालदार तेवढा..."

"तह झाला की हवालदाराचं बघूच," केशवराव म्हणाले.

पिपरौलचे दिवाण यज्ञेश्वरपंत यांनी पत्र मिळताच होकार दिला. मात्र करेंद्यात येणं त्यांना शोभणारं नव्हतं, आणि पिपरौलात जाणं केशवरावांना. त्यामुळे परिषद परक्या भूमीवर, म्हणजे झाशी स्टेशनच्या वरच्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये भरवायचं ठरलं. वेटिंग रूममध्ये बसायला तिकीट लागतं. म्हणून दोन्ही दिवाण रोज सकाळी जवळच्या बबीन्याचं फर्स्टक्लासचं तिकीट काढत आणि संध्याकाळपर्यंत बबीन्याला जात नसत. (त्या हंगामात बबीन्याकडे जाणारे उच्चवर्गीय उतारू दुपटीने वाढले आणि तिथे उतरणारे पूर्वीएवढेच राहिले. मधल्या मधे ही माणसं कुठे जातात, अशी पृच्छा बबीन्याच्या स्टेशनमास्तरांनी केल्याचं मला आठवतं.)

आता तह कसा करतात हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या घराण्यांचे शेवटचे तह घोड्यावरून झाले होते. पण मराठी माणसाला वाटाघाटीचा एक प्रकार आईच्या दुधाबरोबर मिळतो, आणि तो म्हणजे लग्नाची यादी. कुणी काय द्यायचं, कुणी काय घ्यायचं, कुणाचा मान कितवा, रुसायचं कधी आणि तो रुसवा निघायचा कशाने, हे सगळं त्या यादीत असतं. यज्ञेश्वरपंतांनी नुकतीच मुलीच्या लग्नाची यादी केली होती, ती त्यांच्या पेटीत होती. त्यांनी ती नमुना म्हणून पुढे ठेवली, केशवरावांनी चष्मा लावून वाचली, आणि "यात बसतं सगळं," असा निर्वाळा दिला. मीही वाचली. खरंच बसत होतं. आजही मोठमोठ्या राष्ट्रांचे करार मी वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा मला त्यांच्यामागे कुणाच्या तरी मुलीचं लग्न दिसतं.

पहिली अडचण अर्थातच ही, की वरपक्ष कोण. माल देणारा तो वधूपक्ष, घेणारा तो वरपक्ष, हे उघड होतं. त्यामुळे दोघांनाही माल घ्यायचा होता आणि द्यायचा कुणालाच नव्हता.

"पंत, आल्याची टोपली तुमच्याकडून येते. म्हणजे तुम्ही मुलीकडचे," केशवराव म्हणाले.

"वा जी वा! आणि तुमच्याकडचा गूळ कुणाच्या घरी नांदतो?" यज्ञेश्वरपंत म्हणाले. "उतरा खाली. तुम्ही मुलीकडचे."

यावर यज्ञेश्वरपंत रुसले. ते वेटिंग रूमच्या दुसऱ्या कोपऱ्यात, एका मडमेच्या ट्रंकेवर, भिंतीकडे तोंड करून बसले. नियमाप्रमाणे केशवरावांनी त्यांची समजूत काढायला हवी होती, पण समजूत मुलीकडच्यांनी काढायची असते, आणि समजूत काढली असती तर मुद्दाच हरले असते. परिषद तशीच राहिली. मडम ट्रंक मागायला आली तेव्हा पंतांना उठावं लागलं, आणि उठलेच आहेत तर परत बोलणीला बसावं, असं सगळ्यांनी मानलं.

तोडगा मोठा सुंदर निघाला. दोन्ही राज्यं वरपक्ष, आणि वधूपक्ष म्हणजे व्यापार करणारी प्रजा. मानपान, खर्च, रुसवे, धावपळ, जे काही वधूपक्षाने सोसायचं असतं ते प्रजेने सोसावं, आणि दोन्ही दिवाणांनी एकमेकांना उपरणं द्यावं. ते उपरणंसुद्धा वधूपक्षाच्या खर्चाने. हे कलम दोघांनी एका दमात मान्य केलं. राज्यकर्त्यांची इतकी एकवाक्यता मी पुन्हा पाहिली नाही.

मग जिन्नस निघाले. तत्त्व असं ठरलं, की सगळा व्यापार मुक्त, फक्त ज्या जिन्नसांना धक्का लागलेला दरबाराला सोसवणार नाही असे काही नाजूक जिन्नस वगळावेत. केशवरावांनी गूळ नाजूक म्हटला. पंतांनी लगेच तीळ. एकाने तूप, दुसऱ्याने कडबा. एकाने मडकी, दुसऱ्याने मडक्यावरची झाकणं. पंतांनी तर शेळ्या नाजूक करताना डोळ्यांतून पाणी काढलं. मी रेल्वेच्या वर्गवारीतून एकेक नाव वाचत होतो आणि दोघांपैकी कुणीतरी हात वर करत होतं. शेवटी पूर्णपणे मुक्त म्हणून पुढील जिन्नस राहिले: हत्ती, मोती, समुद्री जहाजं, बर्फ, देवमाशाची चरबी आणि मेलेले घोडे. यांच्या व्यापाराला दोन्ही सरकारांनी मनापासून उत्तेजन द्यावं, असा ठराव झाला.

आलं नाजूक जिन्नसांत गेलं होतं. पिपरौलचं म्हणणं, ते आमच्या भूमीचं वैशिष्ट्य. करेंद्याचं म्हणणं, त्यावर आमचं एक नाकं उभं आहे.

त्या दिवशी रुक्मिणीबाई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. दारातून मी त्यांना हळूच सांगितलं, आलं गेलं. बाईंनी पिशवीतून बरणी काढली आणि माझ्या हातात दिली.

"दुपारचं जेवण होईल ना आत? वाढा त्यांना. तहाचं नका बोलू."

मी वाढलं. यज्ञेश्वरपंत त्या दिवशीही रुसलेलेच होते (उपरण्याच्या काठावरून), आणि जेवणार नाही म्हणून बसले होते. पण वेटिंग रूम लहान. लोणच्याचा वास कोपऱ्यापर्यंत गेला. पंतांनी आधी मान वळवली, मग पाट वळवला. दोघेही जेवले, एकमेकांच्या पानातलं वाढून घेत जेवले, आणि हात धुताना केशवराव म्हणाले, "पंत, या आल्याच्या आड येणं मला पाप वाटतं."

"मग येऊ नका जी," पंत म्हणाले. "मीही येत नाही."

आलं मुक्त झालं. मुठीची जकात त्या जिन्नसापुरती कायमची गेली. मी बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा बाईंनी पदराने डोळे टिपले, आणि "आता गुरसराय नको," एवढंच म्हणाल्या. मला खरंच आनंद झाला. सरकारी कामातून एखाद्या माणसाचं भलं होताना पाहणं हा अनुभव दुर्मीळ आहे, आणि तो मी अर्धा दिवस घेतला.

कारण संध्याकाळी पंतांना एक शंका आली. पिपरौलचं आलं मुक्त हे ठीक, पण झाशीच्या बडा बाजारातलं आलं कुणी नाल्यापलीकडे नेऊन, पुन्हा अलीकडे आणून, पिपरौलचं म्हणून खपवलं तर? असं कुणी का करील, हे मी विचारलं नाही. चिटणिसाचं ते काम नव्हे. आलं खरोखर कुठलं हे कळण्याची काही सोय हवी होती. पंतांनी मुलीच्या लग्नाची यादी पुन्हा उघडली, आणि त्यांना चौदावं कलम सापडलं: पंगतीचा स्वयंपाक व पाणी कोणाच्या हातचं, ते वधूपक्षाने आधी नावजातीनिशी कळवावे, म्हणजे मंडळींस शंका राहणार नाही.

"हेच घ्या," पंत म्हणाले. "तयारच आहे."

'स्वयंपाक' खोडून तिथे 'जिन्नस' घातला. अशा रीतीने उगमपत्राची पद्धत जन्माला आली. जिन्नस ज्या ज्या हातांतून गेला ते हात नाव आणि जातीसकट एका चिठ्ठीवर लिहायचे, आणि ती चिठ्ठी जिन्नसावर, तसेच त्या जिन्नसापासून पुढे जे बनेल त्यावर, ठळक दिसेल अशी चिकटवायची. दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या, बँडमास्टरने वाजवलं, आणि तोफ उडवण्याचा प्रयत्न झाला.

अंमलबजावणी नाल्यावर सुरू झाली. जयसिंगची मूठ कायद्याने बंद झाल्यामुळे त्याचा हात रिकामा राहिला होता, त्या हातात लेखणी देऊन त्याला उगम-अधिकारी करण्यात आलं. मला मदतीला बोलावलं होतं. चंपा टोपली घेऊन नाला उतरून आली.

"यह अदरक किसके हाथ का है?" जयसिंगने नव्या अधिकाराच्या आवाजात विचारलं.

"काए भैया, इत्ते साल सें मूठ भर-भर लै रए, अब पूछ रए?" चंपा म्हणाली. "हमाए हात को आय. और कौन के हात को हुइए?"

"कायदा है."

"तौ लिख लो. चंपा. खोदो हमनें, धोओ हमनें."

जयसिंगने लिहिलं. मग आम्ही रुक्मिणीबाईंच्या पडवीत गेलो, कारण पुढचे हातही लिहायचे होते. तिथे चंपा सोलत होती, चिरत होती. जयसिंग जरा घुटमळला. तो मुळात मनाचा वाईट नव्हता, फक्त हाताने मोठा होता.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "छीलने-काटने में आपका ही नाम डाल दूँ? कौन देखता है."

रुक्मिणीबाई मसाला कालवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"का म्हणून? तिनं पिकवायचं, तिनं खणायचं, आणि सोलायच्या वेळी तेवढी ती बाजूला? खरं आहे ते लिहा, हवालदारजी. त्यात चोरी कसली?"

चिठ्ठी झाली ती अशी: आले, मौजे पिपरौल. खणणार, धुणार, सोलणार व चिरणार चंपा, जात काछी. मुरवणार रुक्मिणीबाई, जात ब्राह्मण. बरणीगणिक एक चिकटवली. अक्षर माझंच होतं, आणि वळणदार आलं होतं.

त्या हिवाळ्यात बाई बरण्या घेऊन आमच्या कॉलनीत आल्या. एकही मूठ वाया गेली नव्हती, त्यामुळे बरण्या पूर्वीपेक्षा जास्त होत्या आणि किंमत कमी. व्यापार मुक्त झाला की माल स्वस्त आणि मुबलक होतो, हे तत्त्व मी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कॉलनीतल्या बायका जमल्या. त्यांनी बाईंची विचारपूस केली, तहाबद्दल अभिनंदन केलं, बरणी हातात घेतली, चिठ्ठी वाचली, आणि बरणी खाली ठेवली.

कुणी काही वावगं बोललं नाही. आमच्या कॉलनीतली माणसं सुशिक्षित, सुधारणेची व्याख्यानं ऐकणारी. गाडीत तर आम्ही कुणाशेजारीही बसतो. "आमचं काही नाही हो," प्रत्येक घरात सांगण्यात आलं, "पण घरात सासूबाई आहेत ना."

ही कारणं मी चिटणीस या नात्याने गोळा केली. एकंदर बावीस घरं. त्यांपैकी बावीस घरी सासूबाईंचा विरोध. त्यांतल्या पाच सासूबाई प्रत्यक्ष कॉलनीत हजर होत्या, अकरा देशावर होत्या आणि त्यांना पत्राने विचारता आलं असतं, आणि सहा स्वर्गवासी. माझ्या घरचा नंबर शेवटच्या सहांत. माझी आई वारली त्याला पुष्कळ वर्षं झाली होती, आणि हयात असताना ती माझ्या बायकोचं, बकुळचं, एक ऐकत नव्हती की बायको तिचं. पण त्या दिवशी बकुळने बरणी बाहेर ठेवली, आईच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्यांचं मन मोडवत नाही." मीही फोटोकडे पाहिलं. मेलेल्या माणसाच्या मताला एवढी किंमत देणारा समाज मागासलेला कसा म्हणावा?

काहींनी वाट काढायचा प्रयत्न केला. बाईंनी स्वतः सोललं तर पुढच्या खेपेला नक्की घेऊ, असं तिघी-चौघींनी आश्वासन दिलं. (अंधूक नजरेने बोट कापून घेतलं तरी हरकत नव्हती. रक्त ब्राह्मणाचंच असतं.) एकीने तर चिठ्ठी काढून टाकली तर आत्ताच घेते, असं कानात सांगितलं. पण चिठ्ठी काढणं हा तहाचा भंग होता, आणि बाई म्हणाल्या, "तिचं नाव काढून विकायला ते माझ्या एकटीचं लोणचं नाही." हा हट्ट होता. गरिबाने हट्ट करू नये असं सगळ्यांचं मत पडलं, आणि पाचांपैकी एका सासूबाईंनी त्यावर एक म्हणही सांगितली.

चंपाने आल्याची टोपली झाशीच्या बाजारात नेऊन बसायला सुरुवात केली. तिथे ती ओलं आलं विकते. आमच्याच कॉलनीतल्या बायका तिच्याकडून घेतात, घासाघीसही करतात. न सोललेलं आलं कुणाच्याही हातचं चालतं.

वर्षअखेरीचा अहवाल मीच लिहिला. दोन्ही दरबारांना तो आवडला. करारामुळे दोन्ही राज्यांतली तेढ संपली आहे, नाक्यावर एकही तक्रार नाही, जिन्नस अडवल्याचं एकही प्रकरण नाही, कारण जिन्नस येत नाही. जयसिंगला बढती मिळाली. हत्ती, मोती आणि जहाजांच्या व्यापारात अद्याप वाढ नसली, तरी घटही नाही.

रुक्मिणीबाई मला फाल्गुनात स्टेशनवर भेटल्या. गुरसरायला निघाल्या होत्या. दोन गाठोडी, एक वळकटी, आणि सासू. त्या सगळ्या प्रकरणात मी पाहिलेल्या सर्वांत सोवळ्या सासूबाई बाकावर मांडी घालून बसल्या होत्या, आणि पोळीबरोबर तेच लोणचं खात होत्या. वर्षानुवर्षं चंपाच्या हातचे काप खाल्ले होते, तोंडात दात असते तर आणखी खाल्ले असते.

"बाबूजी," रुक्मिणीबाईंनी विचारलं, "लोणचं तेच आहे ना?"

"तेच आहे."

"मग बिघडलं काय?"

मला फार वाईट वाटलं. हे मी इथे उघडच लिहितो, कारण वाईट वाटणं तहाच्या कुठल्याही कलमाविरुद्ध नाही. मी त्यांची गाठोडी डब्यात चढवून दिली. गाडी सुटताना म्हातारीने खिडकीतून बरणी पुढे करून "घ्या की, बाबूजी, एक फोड," असं म्हटलं, आणि मी हात वर करून पोट भरल्याची खूण केली.

तुम्ही आमच्या कॉलनीला हसला असाल. हसायलाच हवं. जुना काळ, जुन्या समजुती, आणि त्या बावीस सासवा. तुमच्या घरी असलं काही नाही, हे मला ठाऊक आहे. ती बाई तुमच्या दाराशी आली असती तर तुम्ही तिला आत बोलावलं असतं, पंख्याखाली बसवलं असतं, चंपाचीही आपुलकीने चौकशी केली असती, त्या दोन्ही दिवाणांबद्दल चार कडक शब्द बोलला असता, आणि बरण्या एकदम दोन घेतल्या असत्या. फक्त ती पायऱ्या उतरत असताना, सहज, मनात काहीही नसताना, तेवढं एक विचारलं असतं, की बाई, आलं तुम्हीच सोललंत ना?